दुसरा संपर्क कुठे हरवला? एका नोंदणी फॉर्मच्या मार्कअपचं प्रकरण

तक्रार साधी होती. स्वयंसेवकांच्या नोंदणी फॉर्ममध्ये ‘आणखी एक संपर्क जोडा’ असं बटण होतं. ते दाबलं की आणीबाणीत कळवायच्या दुसऱ्या माणसाचं नाव, नातं आणि फोन यांचे तीन रकाने उघडत. लोक ते भरत, फॉर्म पाठवत, आणि संस्थेकडे मात्र पहिलाच संपर्क पोचे. दुसऱ्याचा मागमूस नसे. काही चुकलंय असा संदेशही कुठे येत नसे.

मी दोन दिवस सर्व्हरवरचा कोड धुंडाळला. तिथे काही सापडलं नाही. मग ब्राउझरमधून प्रत्यक्ष काय बाहेर पडतं ते पाहिलं, तर दुसऱ्या संपर्काचे रकाने त्यात मुळातच नव्हते. पडद्यावर रकाने दिसताहेत, त्यांत मजकूर आहे, प्रत्येकाचं ‘नेम’ अ‍ॅट्रिब्यूट (ज्या नावाने रकाना सर्व्हरला कळतो ते) बरोबर आहे, आणि तरी ब्राउझर ते पाठवत नाही.

कारण मार्कअपमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा ठरवणाऱ्या टॅगांमध्ये, होतं. जुना फॉर्म टेबलवर बेतलेला होता: डाव्या कॉलममध्ये प्रश्न, उजव्या कॉलममध्ये उत्तराची चौकट. लिहिणाऱ्याने ‘फॉर्म’ टॅग टेबलच्या आत, ‘टेबल’ आणि पहिली ‘टीआर’ (टेबलची ओळ) यांच्या मध्ये उघडला होता. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या, नियमांप्रमाणे तिथे ‘फॉर्म’ला जागाच नाही. ब्राउझर अशा वेळी थांबत नाही, सांभाळून घेतो. तो फॉर्म तयार करतो, पण तिथल्या तिथे मिटतो, त्यामुळे पुढच्या ओळी त्याच्या पोटात जात नाहीत. मात्र पान वाचत असताना ‘हा फॉर्म अजून चालू आहे’ अशी एक खूण तो स्वतःजवळ ठेवतो, आणि बंद करणारा टॅग येईपर्यंत जे रकाने भेटतील ते त्या फॉर्मच्या नावावर चढवतो. म्हणून मूळ रकाने इतकी वर्षं बिनबोभाट पोचत होते. दुसऱ्या संपर्काच्या ओळी जावास्क्रिप्टने नंतर जोडल्या जात. तोवर पानाचं वाचन संपलेलं आणि खूण पुसलेली. नवा रकाना आपला फॉर्म शोधत एकेक पायरी वर जातो, टीडी (सेल), टीआर, टीबॉडी (ओळींचा गट), टेबल, आणि त्या वाटेवर फॉर्म कुठेच भेटत नाही. ज्याला फॉर्म नाही तो रकाना पाठवला जात नाही.

याच कारणाने ‘फॉर्मच्या आतले इनपुट’ असं लिहिलेले सीएसएसचे, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचे, नियम या पानावर कधीच लागत नव्हते. कुणीतरी पूर्वी वैतागून प्रत्येक रकान्याला वेगळा क्लास (रूपाचे नियम लावायचं नाव) दिला होता. त्या क्लासांचं कोडंही त्या दिवशी सुटलं.

टॅग टेबलच्या बाहेर काढला आणि तक्रार मिटली, एका ओळीचं काम. पण ब्राउझर इतकी वर्षं आमच्या चुका पोटात घालत होता, तर आणखी काय काय घातलं असेल, हा विचार काही सुटेना. फॉर्म नव्याने लिहायचं ठरलं.

टेबल, डीएल की ओएल

आम्ही तिघं होतो, आणि प्रश्न व रकाने कुठल्या टॅगांत मांडायचे यावर तिघांची तीन मतं होती.

आमच्यातल्या सगळ्यांत अनुभवी सहकाऱ्याला टेबल ठेवायचा होता. त्याचं म्हणणं, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, ओळीमागून ओळ; हा तक्ता नाही तर काय आहे? ही सवय कुठून आली तेही समजण्यासारखं आहे. नोव्हेंबर १९९५च्या एचटीएमएल २.० मध्ये फॉर्म होते, पण ‘लेबल’, म्हणजे रकान्याला नाव देणारा टॅग, नव्हतं. ‘लेबल’, ‘फील्डसेट’ (रकान्यांचा गट) आणि ‘लेजेंड’ (त्या गटाचं शीर्षक) हे तीन टॅग एचटीएमएल ४.० बरोबर डिसेंबर १९९७ मध्ये आले. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ची असली तरी ब्राउझर ती नीट पाळू लागायला बरीच वर्षं गेली. तोवर दोन गोष्टी शेजारीशेजारी सरळ रेषेत बसवायच्या तर टेबलाखेरीज हाताशी फारसं काही नव्हतं.

दुसऱ्या सहकारिणीला ‘ओएल’ हवा होता. फॉर्म म्हणजे क्रमाने विचारलेले प्रश्न, तेव्हा ती क्रमवार यादीच आहे. शिवाय स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, यादीतल्या नोंदींची संख्या सांगतो, म्हणजे भरणाऱ्याला पुढे किती उरलंय ते कळतं.

मी ‘डीएल’च्या बाजूने होतो, आणि चांगला हट्टाने होतो. डीटीमध्ये प्रश्न, डीडीमध्ये उत्तर. एचटीएमएलच्या प्रमाणकात डीएलचा अर्थ नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांची यादी असाच दिला आहे, आणि तिथल्या उदाहरणांत प्रश्नोत्तरंही आहेत. मला वाटलं, यापेक्षा अर्थपूर्ण मार्कअप दुसरं असूच शकत नाही.

आठवडाभर वाद चालला. शेवटी तिन्ही प्रकारांत फॉर्मचा पहिला भाग लिहून काढला. तिन्हींत प्रत्येक रकान्याला ‘लेबल’ दिलं आणि ‘फॉर’ व आयडी यांची जोडी जुळवून ते रकान्याशी बांधलं. मग संस्थेतच काम करणाऱ्या एका ताईंना विनंती केली. त्यांना दिसत नाही, त्या रोज एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. आधी जुना फॉर्म, मग आमचे तिन्ही नमुने भरून पाहाल का, असं विचारलं.

ताईंच्या शेजारी बसून

जुन्या फॉर्ममध्ये लेबलं नव्हतीच, प्रश्न नुसते शेजारच्या सेलमध्ये लिहिलेले होते. प्रत्येक विभागाचं शीर्षक ठळक दिसावं म्हणून कुणीतरी ते ‘टीएच’मध्ये (तक्त्यातल्या शीर्षकाच्या सेलमध्ये) टाकलं होतं. निव्वळ मांडणीसाठी केलेला टेबल ओळखून स्क्रीन रीडर त्याची दखल टाळू शकतो, पण त्यात टीएच दिसला की ब्राउझर तो खरा तक्ता धरतो. त्यामुळे ताईंना ओळ कितवी, कॉलम कितवा, हे सगळं ऐकू येत होतं, आणि रकान्याचं नाव तेवढं येत नव्हतं.

त्या म्हणाल्या, “अरे, ओळी मोजून मला काय करायचंय? विचारलंय काय, ते सांग ना.”

माझ्या दृष्टीने हे संपूर्ण प्रकरण या एका वाक्यात होतं, पण ते मला तेव्हा कळलं नाही. मी पुढचे नमुने ऐकायला उत्सुक होतो, डीएल जिंकेल या खात्रीने.

डीएल जिंकला नाही. ओएल आणि टेबलही जिंकले नाहीत. लेबल रकान्याला नीट बांधलेलं असल्यामुळे तिन्ही नमुने ताईंनी जवळजवळ सारख्याच सहजतेने भरले. ओएलमधले आकडे पहिल्या काही रकान्यांपर्यंत त्यांना बरे वाटले, मग नकोसे झाले. शिवाय सफारीत सीएसएसने यादीचे आकडे काढून टाकले की व्हॉइसओव्हर हा अ‍ॅपलचा स्क्रीन रीडर बहुतेकदा तिला यादी म्हणून सांगतच नाही, त्यामुळे तो फायदा सगळ्यांना मिळणार नव्हता. माझ्या डीएलमध्ये डीटीचं डीडीशी नातं होतं, पण त्या नात्यातून इनपुटला नाव मिळत नाही. नाव दिलं ते लेबलनेच. डीएलने वर फक्त यादी सुरू झाल्याची आणि संपल्याची बडबड घातली.

त्या अडखळल्या ते भलतीकडेच, आणि तिन्ही नमुन्यांत अगदी त्याच जागी. ‘रात्री काम करू शकाल का?’ आणि ‘वाहन चालवता येतं का?’ हे दोन प्रश्न पाठोपाठ होते. दोन्हींना हो आणि नाही अशी रेडिओ बटणं. टॅब दाबत त्या पोचल्या तेव्हा ऐकू आलं, “हो, रेडिओ बटण.” कशाला हो? फोटोच्या रकान्याखाली फाइल किती मोठी चालेल ते लिहिलं होतं, ते त्यांना कळलंच नाही. जन्मतारखेचे तीन रकाने आले, त्यांतला ‘दिवस’ कुठला दिवस, ते त्यांना विचारावं लागलं.

आठवडाभर आम्ही वेष्टणाबद्दल भांडत होतो, आणि अडचणी सगळ्या नात्यांच्या होत्या. लेबलचं रकान्याशी नातं आम्ही बांधलं होतं. प्रश्नाचं त्याच्या पर्यायांशी असलेलं नातं, सूचनेचं रकान्याशी असलेलं नातं, ही नुसती डोळ्यांना दिसत होती, मार्कअपमध्ये नव्हतीच. वेब कन्टेन्ट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स, म्हणजे वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम, त्यांतला निकष १.३.१ नेमकं हेच मागतो: मांडणीतून जे नातं दिसतं ते कोडमधूनही कळलं पाहिजे. डिसेंबर २००८च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तो निकष आहे. मी तो कितीदा तरी वाचला होता.

लेजेंड झाकून पाहणं

रेडिओ बटणांचा उपाय पुस्तकी आहे: दोन्ही पर्याय एका फील्डसेटमध्ये, प्रश्न लेजेंडमध्ये. गटात शिरताना स्क्रीन रीडर आधी लेजेंड वाचतो, मग पर्याय. काम झालं.

इतकं छान झालं की मी वाहवत गेलो. वैयक्तिक माहिती, पत्ता, काम, सगळ्या विभागांभोवती फील्डसेट घातले. पुढच्या वेळी ताईंना ऐकू आलं, “वैयक्तिक माहिती, गट. जन्मतारीख, गट. दिवस.” दर विभागाच्या तोंडाशी अशी दुहेरी दवंडी.

तेव्हा आम्ही एक कसोटी ठरवली, आणि ती मला अजूनही सगळ्यांत उपयोगी वाटते. लेजेंड झाकायचा आणि नुसतं लेबल वाचायचं. अर्थ पुरा होत असेल तर फील्डसेट नको. ‘पूर्ण नाव’ हे ‘वैयक्तिक माहिती’ झाकूनही कळतं, तेव्हा तिथे साधं एच२ शीर्षक पुरे. स्क्रीन रीडर वापरणारे शीर्षकांवरून उड्या मारत जातातच. ‘हो’ हे प्रश्न झाकल्यावर कळत नाही. ‘दिवस’ हे ‘जन्मतारीख’ झाकल्यावर कळत नाही. आणीबाणीच्या दोन संपर्कांत ‘नाव’ दोनदा येतं, कोणाचं ते लेजेंडशिवाय कळत नाही. या ठिकाणी फील्डसेट राहिला. संपर्काच्या बाबतीत शीर्षकही हवं होतं, म्हणून लेजेंडच्या आत एच३ ठेवलं. प्रमाणकाला ते चालतं.

फील्डसेटची दिसण्याची खोड मात्र आहे. ब्राउझर त्याला आपणहून एक किमान रुंदी देतो, आतला मजकूर जितका मागेल तितकी. लांबलचक पर्याय असलेल्या एका सिलेक्टमुळे फोनवर सगळं पान आडवं सरकू लागलं. ‘मिन-इनलाइन-साइझ’ शून्य केल्यावर ते थांबलं. लेजेंड सीएसएसच्या ग्रिडमध्ये (ओळी-कॉलमांच्या मांडणीत) इतर घटकांसारखा बसत नाही, तो नाद सोडला. तो वर एकटा राहू दिला आणि बाकीचं आत एका डिव्हमध्ये (स्वतःचा अर्थ नसलेल्या नुसत्या वेष्टणात) मांडलं.

सूचना, चुका आणि इतर रकाने

सूचना का हुकते ते एकदा समजलं की विसरत नाही. फॉर्म भरताना माणूस टॅबने एका रकान्यातून दुसऱ्यात जातो. मधला परिच्छेद हा टॅबचा थांबा नाही, म्हणून तो ऐकूच येत नाही. सूचनेला आयडी देऊन रकान्यावर ‘आरिया-डिस्क्राइब्डबाय’ (‘आरिया’ ही स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठीची अ‍ॅट्रिब्यूटं) लावलं की नाव वाचून झाल्यावर सूचनाही वाचली जाते. चूक दाखवणारा संदेशही त्याच दोरीने बांधला, सोबत रकान्यात चूक आहे असं सांगणारं ‘आरिया-इनव्हॅलिड’. एक पथ्य पाळलं: सूचनेत लिंक ठेवली नाही, कारण या मार्गाने वाचला जाणारा मजकूर सपाट असतो, त्यातली लिंक लिंक म्हणून कळत नाही. प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे रिकाम्या रकान्यात दिसणाऱ्या मजकुरात, तर सूचना ठेवायचीच नाही. पहिलं अक्षर टाइप केलं की ती जाते, आणि नेमकी तेव्हाच ती लागते.

फोनसाठी ‘टेल’ हा प्रकार वापरला. जन्मतारखेला साधे मजकुराचे रकाने आणि ‘इनपुटमोड’ न्यूमरिक, म्हणजे फोनवर अंकांचा कीबोर्ड उघडतो. ‘नंबर’ हा प्रकार मोजायच्या संख्यांसाठी आहे. जे फक्त अंकांत लिहिलं जातं त्याला तो लावू नये, असं प्रमाणकातच सांगितलं आहे.

ऑटोकम्प्लीटकडे, म्हणजे ब्राउझरने माहिती आपणहून भरण्याकडे, थोडं लक्ष द्यावं लागलं. भरणाऱ्याच्या स्वतःच्या नावाला, फोनला, जन्मतारखेला ठरलेले शब्द दिले. त्याच गाइडलाइन्सच्या जून २०१८च्या २.१ आवृत्तीतला निकष १.३.५ ते मागतो. पण तेच शब्द आम्ही घाईने आणीबाणीच्या संपर्कालाही चिकटवले, आणि ब्राउझरने तिथे भरणाऱ्याचाच नंबर भरून दिला. आणीबाणीत ज्याला अपघात झालाय त्यालाच फोन लागला असता. तो निकष भरणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीपुरता आहे. संपर्काच्या रकान्यांवर ऑटोकम्प्लीट बंद केलं.

टेबल परत आला

आठवड्यातले सात दिवस, आणि दर दिवशी सकाळ, दुपार, संध्याकाळ. कधी येऊ शकाल ते सांगायचं. एकूण २१ चेकबॉक्स. जुन्या फॉर्ममध्ये इथे एकाखाली एक यादी होती. आम्ही पहिल्यांदा सात फील्डसेट केले, प्रत्येकात तीन चेकबॉक्स. कसोटीला ते उतरत होतं: ‘सकाळ’ हे ‘सोमवार’ झाकल्यावर कळत नाही. पण ताईंना फक्त सकाळी वेळ होता. दर दिवसाचे तीन थांबे घेत त्या रविवारपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, “हे उभं वाचता आलं असतं तर?”

उभं आणि आडवं, दोन्ही दिशांनी अर्थ असेल तर तो खरा तक्ता. अनुभवी सहकाऱ्याचं टेबल इथे अगदी योग्य होतं, आणि तो ते माझ्याआधी बोलला. कॅप्शन, वर वेळांचे टीएच, डावीकडे दिवसांचे टीएच, दोन्हींना ‘स्कोप’, म्हणजे शीर्षक कॉलमचं की ओळीचं ते. आता कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण दाबत ताई सकाळच्या कॉलममधून सरळ खाली उतरू शकत होत्या, सोमवार, मंगळवार, बुधवार असं ऐकत.

सेलमधल्या चेकबॉक्सला नाव हवंच, कारण टॅबने आलेल्याला शीर्षकं ऐकू येतीलच याची सगळीकडे हमी नाही. मी आधी ‘आरिया-लेबल्डबाय’मध्ये दिवसाच्या आणि वेळेच्या टीएचचे आयडी दिले. ऐकायला चोख होतं. पण फोनवर अंगठ्याने निवडताना माणसं चौकटीच्या बाजूला दाबत आणि काहीच होत नसे. आरिया नाव देते, दाबायची जागा देत नाही. मग प्रत्येक सेलमध्ये खरं लेबल घातलं, सगळा सेल व्यापणारं. आत चेकबॉक्स, आणि डोळ्यांना न दिसणारा पण वाचला जाणारा ‘सोमवार सकाळ’ हा मजकूर. सेलमध्ये कुठेही बोट लागलं तरी खूण होते. गाइडलाइन्सच्या ऑक्टोबर २०२३च्या २.२ आवृत्तीत दाबायच्या जागेची किमान मर्यादा २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल दिली आहे. आमचा सेल तिच्याहून बराच मोठा झाला. जे आरियाने अर्धं जमलं ते साध्या टॅगने पुरं जमलं.

अरुंद पडद्यावर टेबल मोडून त्याच्या ओळींना ‘डिस्प्ले ब्लॉक’ करायची युक्ती प्रचलित आहे. आम्ही ती टाळली, कारण डिस्प्ले बदलला की काही ब्राउझर त्याला तक्ता मानणं सोडतात आणि मग उभं वाचणं गेलं. चार कॉलम ३२० पिक्सेलमध्ये बसतात, दिवसांची नावं आखूड केली की झालं.

बाकीचं डिव्हमध्ये

उरलेल्या प्रत्येक रकान्याभोवती साधा डिव्ह आहे. त्यात क्रमाने लेबल, सूचना, इनपुट आणि चूक दाखवणाऱ्या संदेशाची जागा. डिव्ह काहीच सांगत नाही, आणि इथे सांगण्यासारखं सगळं लेबलने सांगून झालेलं असतं. रुंद पडद्यावर काही जोड्या शेजारी आणायला सीएसएस ग्रिड आहे, पण कोडमधला क्रम आणि पडद्यावरचा क्रम एकच ठेवला, ग्रिडने काहीही पुढेमागे केलं नाही.

माझा डीएलही शेवटी कामी आला, फॉर्मनंतरच्या पानावर. पाठवण्याआधी ‘तुम्ही भरलेली माहिती तपासा’ असं पान येतं. तिथे रकाने नाहीत, नुसत्या नावांच्या आणि मूल्यांच्या जोड्या आहेत. डीटीमध्ये ‘पूर्ण नाव’, डीडीमध्ये भरलेलं नाव, प्रत्येक जोडीभोवती एक डिव्ह, आताच्या प्रमाणकात त्याला परवानगी आहे. तिथे ताईंना एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

आणि ‘आणखी एक संपर्क जोडा’. नव्या फॉर्ममध्ये ते ‘बटन’ टॅगने लिहिलं आणि प्रकार द्यायचा राहिला. प्रकार न दिलेलं बटण फॉर्म पाठवण्याचंच मानलं जातं, त्यामुळे दाबताच अर्धा फॉर्म निघून गेला. ‘टाइप’ला ‘बटन’ असं मूल्य दिल्यावर ते ताळ्यावर आलं. आता दाबलं की नवा फील्डसेट उघडतो आणि फोकस (कीबोर्ड ज्या जागी लागू होतो ती जागा) त्याच्या पहिल्या रकान्यात जातो. ताईंना ऐकू येतं, “आणीबाणीचा संपर्क २, गट. नाव.” दुसरा संपर्क काढून टाकला तर फोकस पुन्हा जोडण्याच्या बटणावर येतो, आधी तो पानाच्या सुरुवातीला फेकला जात होता आणि सगळा फॉर्म नव्याने चढावा लागत होता.

शेवटच्या तपासणीला ताईंनी पूर्ण फॉर्म एकट्याने भरला. मी खोलीबाहेर बसलो होतो, पाठवलेली माहिती जिथे पोचते ती यादी उघडून. दोन्ही संपर्क आले. दुसऱ्यापुढे नात्याच्या रकान्यात ‘भाऊ’ लिहिलेलं होतं.